परदेशात स्वयंसेवक म्हणून राबताना मध्येच चार दिवस विसावा घ्यावा का? कुठे, कसा?

माणिकचौक

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, पेशाने नर्स. सध्या आफ्रिकेतल्या मलावी देशात झोम्बा गावी आहे. इथल्या रुग्णालयात वॉर्डचं काम आणि त्यासोबत नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवणं, अशी दुहेरी जबाबदारी घेऊन स्वयंसेवक म्हणून आले. पगार नाही, राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो. करारात रजा लिहिलेली आहे. पण ती कुणी घेताना दिसत नाही आणि मागायला माझीही जीभ उचलत नाही.

कारण सांगते. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात दोन नर्स. खाटा भरल्या की पेशंट जमिनीवर चटई टाकून झोपतात. प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस असतं, त्याला इथे गार्डियन म्हणतात. पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कपडे धुणं सगळं तेच करतात आणि आवारातच चूल मांडून न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवतात. शेतं टाकून ही माणसं आठवडेच्या आठवडे इथे पडून असतात. त्यांच्यासमोरून बॅग उचलून सुट्टीवर कसं निघायचं?

दुसरी बाजूही सांगते. अंगातलं त्राण गेलंय. नाडी मोजताना मध्येच आकडा निसटतो, मग घड्याळाचा काटा परत वर येईपर्यंत थांबून पहिल्यापासून मोजते. झोप लागते, पण सकाळी उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. संध्याकाळी विद्यार्थिनी शंका घेऊन खोलीवर येतात. आधी मी त्यांची वाट बघायचे. आता दार वाजलं की नको वाटतं, आणि मला याचीच जास्त भीती वाटते.

आणखी एक. माझ्या तिकिटासाठी आमच्या पेठेतल्या मंडळाने वर्गणी काढली होती. त्या लोकांनी माझा तळ्याकाठचा फोटो बघितला तर त्यांना काय वाटेल? आई म्हणते, रजा आहे तर सरळ घरी ये. पण विमानाचं भाडं झेपणारं नाही. शिवाय घरी आलं की रोज कुणाकडे तरी जेवण, मंडळात सत्कार, शाळेत भाषण. त्यात विसावा होणार नाही हे आईलाही माहीत आहे.

परदेशात असं काम केलेले कुणी इथे असतील तर सांगा. रजा घ्यावी का? इथल्या इथे कुठे जावं? एकट्या बाईने काय काळजी घ्यावी?

सातरस्ता

ताई, तुम्ही आहात त्याच भागात, मांगोचीकडे, मी हातपंपांच्या कामावर स्वयंसेवक होतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी पहिला प्रश्न निकालात काढू. रजा घ्या. आणि ती मागायची गोष्टच नाही, कामाचाच भाग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांना महिन्याला अडीच दिवस रजा जमा होते. अमेरिकेच्या पीस कोअरमध्ये महिन्याला दोन दिवस. जिथे परिस्थिती फारच खडतर असते, तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकांना तर ठरावीक आठवड्यांनी जागा सोडून विश्रांतीला जाण्याची वेगळी सोय आहे. पन्नास-साठ वर्षं माणसं परदेशी पाठवून ज्यांना अनुभव आलाय त्यांनी हे लिहून ठेवलंय, काही उगाच नाही.

मलावीत गावोगावी आफ्रीदेव पंप आहेत, तुमच्या रुग्णालयाच्या आसपासही दिसेल. त्याच्या दट्ट्यावर एक रबरी यू-सील असतं, जेमतेम दोन-तीन बोटांएवढं. आम्ही गावच्या पाणी समितीच्या बायकांना ते बदलायला शिकवायचो आणि सांगायचो की वर्ष झालं की बदला, पाणी यायचं थांबेपर्यंत थांबू नका. पंप चालू असताना सील बदलायचं म्हटलं की लोकांच्या जिवावर येतं. तुमचंही तेच चाललंय. नाडीचा आकडा निसटायला लागला, म्हणजे बदलायची वेळ झाली.

आता कुठे जायचं. झोम्बाचं पठार तुमच्या डोक्यावरच आहे. पाइनची झाडी, थंड हवा, वर जाताना रस्त्याकडेला बेरी विकणारी पोरं. सुंदर जागा आहे, पण या वेळी तिथे जाऊ नका. तिथून रुग्णालय दिसतं आणि फोन केला की तासाभरात तुम्ही वॉर्डात हजर होऊ शकता. बोलावलं तर तुम्ही जाणार, हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. एका फोनवर परत येता येणार नाही इतकं लांब जा. पण प्रवासातच दमून जाल इतकंही लांब नको.

माझं मत केप मॅक्लिअर. मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला, चेम्बे गावाला लागून. हे सरोवर जवळपास ५८० किलोमीटर लांब आहे, समोरचा काठ नजरेत येत नाही अशा कितीतरी जागा आहेत. दक्षिणेकडचा भाग राष्ट्रीय उद्यान आहे, १९८४ साली युनेस्कोच्या यादीत गेला, तो तिथल्या रंगीत माशांसाठी. शेकडो जातींचे असे मासे आहेत की जे जगात दुसरीकडे कुठे नाहीत. झोम्ब्याहून लिवोंडे, मांगोची, मंकी बे असा रस्ता. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मंकी बेपासून पुढे पिकअपच्या हौद्यात बसून जायचं, त्याला मटोला म्हणतात. पहाटे निघा. अंधार पडल्यावर रस्त्यावर राहू नका, हे तिथलं सगळ्यात महत्त्वाचं पथ्य. इंधनाची टंचाई असेल तर निघण्याआधी एक दिवस स्टँडवर चौकशी करा.

एकट्या जाऊ नका असं नाही म्हणणार, पण दुसऱ्या एखाद्या संस्थेतली स्वयंसेवक मुलगी बरोबर असली तर खोलीचं भाडंही निम्मं होतं. आपल्याच वॉर्डातली नको, नाहीतर तळ्यावर बसून वॉर्डाच्याच गप्पा होतात.

आणि तिथे गेल्यावर बघण्यासारख्या जागांची यादी करू नका. झोपा. जेवा. परत झोपा. बघायला नंतर वेळ आहे.

कंबरतलाव

मी थोडं वेगळं मत मांडतो, ताईंनी राग मानू नये. आपण डॉ. कोटणीसांच्या गावचे. ते चीनला गेले आणि तिथलेच झाले. लढाईत सलग तीन-तीन दिवस न झोपता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. तसं काम करायला गेलेल्या माणसाने सुट्टीचा विचार करावा का, हा प्रश्न मला खरोखर पडतो. शिवाय तुमच्याबरोबर काम करणाऱ्या तिथल्या नर्सना तळ्याकाठी जाऊन राहणं कुठे परवडतं?

भैय्याचौक

कंबरतलाव, कोटणीसांबद्दल जितका आदर तुम्हाला आहे तितकाच मला आहे. भैय्या चौकातलं त्यांचं घर, आता जिथे स्मारक आहे, तिथे मी दर वर्षी मुलांना घेऊन जातो. म्हणूनच त्यांचं उदाहरण अर्धवट देऊ नये असं वाटतं.

१९३८ साली भारतातून चीनच्या मदतीला गेलेल्या पथकात पाच डॉक्टर होते. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. अटल, चोळकर आणि मुखर्जी पुढे टप्प्याटप्प्याने परतले. त्यांची सेवा कुणी कमी मानत नाही. कोटणीस राहिले, १९४१ साली कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी शिकले, विद्यार्थ्यांना शिकवलं, लग्न केलं. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी आकडीच्या विकाराने गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. विश्रांती मिळाली असती तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण आकडीच्या रुग्णाला जागरण सोसत नाही हे कुठलाही डॉक्टर सांगेल. ते युद्ध होतं. सैन्य माघार घेत होतं, जखमी येत होते, बदली माणूस नव्हता. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता म्हणून त्यांनी जे सोसलं, ते पर्याय असलेल्या मुलीला नियम म्हणून घालून देणं मला पटत नाही.

आपल्या गावाला त्यांचा अभिमान आहे तो ते जागले म्हणून नाही. परक्या लोकांना ते आपले वाटले, म्हणून आहे.

बाळीवेस

माणिकचौक ताई, मी तुमच्या मंडळातला नाही, पण आमच्या मंडळानेही अशीच एका पोराला मदत केली होती. तो शिकवायला बाहेर गेला होता. वर्गणी देणाऱ्याचं मन कसं असतं ते सांगतो. शंभर-दोनशे रुपये देणारा विडी कामगार किंवा यंत्रमागावरचा माणूस हिशेब ठेवत नाही की पोरगी किती तास राबली. तो विचारतो एवढंच, "बरी हाय का ओ ती?" बस.

फोटो टाका की. आई-बापाला पोरगी हसताना दिसली तर बरंच वाटतं. ज्यांना खुपायचं त्यांना वॉर्डातला फोटोही खुपेल.

होटगीरोड

मी डॉक्टर आहे, म्हणून तब्येतीबद्दल लिहितो.

ताईंनी जी लक्षणं लिहिली आहेत ती नीट वाचा. थकवा, आवडत्या कामापासून मन दूर जाणं, हातून काम नीट होत नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटचं वर्णन रोगांच्या वर्गीकरणात घेतलं, तेव्हा याच तीन बाजू सांगितल्या. त्यांनी तो आजार म्हटलेला नाही, कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि आटोक्यात न आलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं आहे. विद्यार्थिनीने दार वाजवल्यावर "नको" वाटतं, हे त्यांनी स्वतः ओळखलं ही चांगली गोष्ट आहे. पुष्कळांना ते कळत नाही, आपण पेशंटवर खेकसतोय हेही कळत नाही. थकलेल्या नर्सच्या हातून औषधाचा डोस चुकू शकतो. म्हणजे रजा ही पेशंटच्या भल्याचीसुद्धा गोष्ट झाली. मात्र रजा घेऊनही झोप आणि उमेद परत आली नाही, तर तिथल्या तिथे डॉक्टरांना दाखवा. सगळाच थकवा कामाचा नसतो, रक्त तपासून घ्यायला हवं.

आता तळं. मलावी सरोवराच्या उथळ पाण्यात बिल्हार्झिया होण्याचा धोका आहे. पाण्यातल्या गोगलगायींमधून सुटणाऱ्या बारीक अळ्या अखंड कातडीतून शरीरात शिरतात. पाणी पिण्याचीही गरज नाही, पाय बुडवले तरी पुरे. लव्हाळी असलेला काठ, गावातल्या बायका धुणं धुतात ती जागा टाळा. पाण्यात उतरलातच तर बाहेर आल्या आल्या अंग खसखसून पुसा, पण त्याने धोका संपतो असं समजू नका. प्राझिक्वांटेल हे औषध आहे, पण ते कोवळ्या कृमींवर फारसं चालत नाही. म्हणून पाण्याशी शेवटचा संबंध आल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं. सोलापुरात परतल्यावर लघवीतून रक्त गेलं किंवा नुसता ताप आला, तरी "मी मलावीत होते, तळ्यात उतरले होते" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आमच्याकडे हा रोग दिसत नाही, त्यामुळे सुचत नाही.

मलेरियाची गोळी सुट्टीत चुकवू नका. दिनक्रम बदलला की नेमकी तीच विसरते. तुम्ही डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर उन्हात कातडी लवकर भाजते, पूर्ण बाह्यांचं घाला आणि दुपारी सावलीत बसा. मच्छरदाणी खोलीत आहे का, फाटकी तर नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा.

नवीपेठ

सुट्टीसाठी शेजारच्या देशात जायचा विचार असेल तर दोन गोष्टी.

एक म्हणजे तुमचा मलावीचा व्हिसा किंवा परवाना किती वेळा आत येऊ देतो ते बघा. एकदाच प्रवेशाचा असेल तर सीमा ओलांडताक्षणी तो संपतो आणि परत येताना अडकाल. संस्थेच्या ऑफिसात विचारा, पासपोर्टवरचा शिक्का स्वतः वाचा.

दुसरं, पिवळा ताप. केनिया, युगांडा, इथिओपिया अशा देशांत राहून भारतात परत येणार असाल तर लसीचा दाखला लागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो आणि जुलै २०१६ पासून जन्मभर चालतो. दाखला नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. बरेच जण मलावीला जाताना लागत नाही म्हणून लस घेत नाहीत आणि मग मधल्या सुट्टीत नैरोबीला जाऊन येतात.

हिरज_शिवार

माझी मुलगी नेपाळात गोरखा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. हा धागा वाचला आणि रात्री तिला फोन केला. एक घरच्यांच्या बाजूने लिहितो.

आपण फोनवर काय विचारतो? "आज काय काम केलं?" ती सांगते, आपण नातेवाइकांना सांगतो, छाती फुगते. मग तिला वाटत राहतं की रोज काहीतरी सांगण्यासारखं झालं पाहिजे. मुलगी म्हणाली, "बाबा, शनिवारी सुट्टीच्या दिवशी मी काहीच केलं नाही हे तुम्हाला सांगताना मला अवघड होतं." तेव्हापासून मी आधी जेवण काय झालं ते विचारतो. हे आम्हाला आमच्या शेतावरूनच कळायला हवं होतं. हुरड्याच्या दिवसांत पाव्हणे आले की आपण त्यांना आगटीपाशी बसवतो, खाऊ घालतो, कुणी विचारत नाही की तुम्ही आज काय कमावलंत.

ती आता बंदीपूरला जाणार आहे. पोखराच्या वाटेवर डोंगरमाथ्यावरचं जुनं बाजारगाव, मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी आहे म्हणे. आपल्या लोकांना नेपाळात व्हिसा लागत नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

माणिकचौक

सगळ्यांचे मनापासून आभार. कंबरतलाव, तुमच्या प्रश्नाचा राग आला नाही. तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होते, म्हणून तर धागा काढला. तिथल्या नर्सना काय परवडतं, हे तुम्ही बरोबर विचारलंत. मी तो प्रश्न घेऊन थेट आमच्या वॉर्डच्या सिस्टरकडे गेले. त्या माझ्याहून वयाने मोठ्या आहेत. मी रजेबद्दल चाचरत बोलले तर त्यांनी वहीच पुढे ओढली आणि म्हणाल्या, तारीख सांग. मग त्यांनी सांगितलं की त्या पेरणीच्या वेळी गावी जातात, नात्यात कुणी गेलं तर अंत्यविधीला चार-चार दिवस जाऊन राहतात, रविवारी चर्चमध्ये अर्धा दिवस गाणं असतं. "आम्हाला आमची माणसं आहेत. तुला इथे कोण आहे? म्हणून तुला जायला हवं." विसाव्याची सोय त्यांच्या जगण्यातच आहे आणि माझ्या नाही, हे मला त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं.

केप मॅक्लिअरला जाऊन आले. दुसऱ्या संस्थेतली एक शिक्षिका बरोबर होती. सातरस्ता यांनी सांगितल्याप्रमाणे पहाटे निघालो आणि ऊन उतरायच्या आत पोचलो. म्वेरा वारा सुरू होता, हा दक्षिणेकडून येतो आणि या दिवसांत तळं खवळलेलं असतं, त्यामुळे पाण्यात उतरायचा मोहच झाला नाही. होटगीरोड डॉक्टर, निश्चिंत राहा.

पहिला दिवस जड गेला. हात रिकामे राहवत नव्हते. खोलीतल्या मच्छरदाणीला भोकं होती, ती सुई-दोरा मागून शिवत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपले ती अंधार पडल्यावर उठले. गावातल्या बायका काठावर बारीक मासे वाळत घालत होत्या, उसिपा म्हणतात त्यांना. वेताच्या मांडवांवर पसरायचे, हाताने उलटायचे, कावळे हाकलायचे. त्यांच्या शेजारी बसून राहिले. कुणी मला सिस्टर म्हणून ओळखत नव्हतं, कुणाला माझ्याकडून काही नको होतं. एकीने सरकून जागा दिली आणि तिचं काम करत राहिली. मी शाकाहारी, त्यामुळे जेवणाला न्सिमा, उसळीसारखी शिजवलेली न्येम्बा आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी. माझ्याकडे सोलापूरची शेंगाचटणी होती. खानावळवालीने ती चाखली आणि माझ्याकडून कृती लिहून घेतली, कारण शेंगदाणा तिथेही घरोघरी पिकतो.

फोन बंद ठेवला होता. आईला आधीच सांगून ठेवलं होतं.

परत आल्यावर पहिल्याच पाळीला नाडी पूर्ण मिनिट मोजता आली. संध्याकाळी दोन विद्यार्थिनी आल्या, त्यांच्याबरोबर सलाइनच्या थेंबांचा हिशेब करत बसले आणि वेळ कसा गेला कळलं नाही. सगळं ठीक झालं असं नाही म्हणणार, वॉर्डात माणसं तेवढीच कमी आहेत आणि रजेने ती वाढत नाहीत. पण मी पुन्हा त्या वॉर्डात पूर्ण आहे.

मंडळाच्या ग्रुपवर वाळत घातलेल्या माशांचा आणि तळ्याचा फोटो टाकला. पहिला प्रतिसाद आमच्या गल्लीतल्या एका आजींचा होता, नातवाकडून लिहून घेतलेला. "जेवतीस का नीट?"

कंबरतलाव

ताई, तुमच्या सिस्टरचं उत्तर वाचून माझं मत बदललं. स्थानिक माणसाला सुट्टी नाही असं मी धरून चाललो होतो. भैय्याचौक, तुमचंही पटलं.

एक विचारायचं होतं. माझा पुतण्या पुढच्या वर्षी अशाच कामाला बाहेर जाणार आहे. रजेवर जाताना वॉर्डचं काम कुणाच्या हवाली कसं केलंत? त्याला शिकवण्याचं काम आहे, पण अडचण तीच येणार.

माणिकचौक

सिस्टरने शिकवलं तेच सांगते. निघायच्या आठवडाभर आधीपासून माझ्या प्रत्येक कामाला दुसरं एक माणूस बरोबर ठेवलं. औषधांच्या कपाटाची किल्ली, विद्यार्थिनींच्या हजेरीचं रजिस्टर, कुठल्या पेशंटची ड्रेसिंग कधी, हे सगळं वहीत लिहिलं आणि तोंडीही सांगितलं, कारण वाचायला वेळ मिळेलच असं नाही. शेवटचे दोन दिवस मी बाजूला उभी राहिले आणि त्यांना करू दिलं. त्यात माझ्या एका विद्यार्थिनीने नेब्युलायझरचा मास्क लहान मुलाला बसवायची माझ्यापेक्षा सोपी पद्धत काढली, ती आता मीही वापरते.

आणि पुतण्याला सांगा की आपण परत आलो की दुसऱ्याच्या रजेची पाळी आपण उचलायची. सिस्टरच्या भाचीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. त्यांच्या रात्रपाळ्यांसमोर मी माझं नाव घातलंय. माझी पुढची रजाही त्याच वहीत लिहून झाली आहे, पावसाळा लागायच्या आधीची.

सातरस्ता

त्या रजेत मुलांजे डोंगरावर जाऊन या. शिखराच्या नादी लागू नका, तिथलं सापित्वा शिखर ३००२ मीटर आहे, ते चढायला वाटाड्या आणि दमखम दोन्ही लागतं. ऑक्टोबरात खाली उकाडा असतो, वर बरं असतं. वाटाडे आणि डोंगरावरच्या झोपड्यांची नोंदणी पायथ्याच्या लिकुबुला वनकार्यालयात होते. जायच्या आधी इथे लिहा, माहिती देतो.